छत्री कोणीकडे पाहते?

बारामतीजवळच्या कन्हेरी गावातून जाताना घरांची छपरे जरा लक्ष देऊन पाहा. स्लॅबच्या घरावर, पत्र्याच्या घरावर, कुठे गोठ्याच्या खांबालाही टीव्हीच्या गोल छत्र्या बसवलेल्या दिसतील. एकाच सेवेच्या सगळ्या छत्र्यांची तोंडे एकाच दिशेला असतात. उत्तरेकडे मात्र एकीचेही तोंड नसते. असे का बरे?

छत्री ज्या उपग्रहाकडे पाहते, तो विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. तुमच्या उर्दू पुस्तकात त्याला 'मसनूई सय्यारा' म्हणतात. पृथ्वी जितक्या वेळात स्वतःभोवती एक फेरी घेते, तितक्याच वेळात हा उपग्रहही पृथ्वीभोवती एक फेरी पूर्ण करतो. म्हणून तो आपल्याला आकाशात एकाच जागी थांबल्यासारखा वाटतो. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १८ अंशांवर राहतो. तेव्हा असे सगळे उपग्रह आपल्या दक्षिणेच्या बाजूलाच असणार.

दूरदर्शनची 'फ्री डिश' ही विनामूल्य सेवा जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडला गेला. तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. कन्हेरी आहे साधारण ७४.६ अंशांवर. म्हणजे उपग्रह आपल्या दक्षिणेला आणि बराच पूर्वेला आहे. गणित केले, तर उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुमारे १३२ अंशांवर, म्हणजे जवळजवळ नेमक्या आग्नेयेस तो सापडतो. या कोनाला दिगंश म्हणतात. इंग्रजीत त्याला 'अझिमथ' म्हणतात. हा शब्द अरबीतून आला आहे, आणि त्याच्या मुळाशी तुमच्या ओळखीचा 'सम्त' म्हणजे दिशा हा शब्द आहे!

दिशा अंशांत मोजण्याची गरज जुनी आहे. आपण सहज म्हणतो, की किब्ला पश्चिमेला आहे. पण कन्हेरीहून मक्का पश्चिमेपासून सुमारे १२ अंश उत्तरेकडे झुकलेल्या दिशेला आहे. गझनीहून किब्ल्याची दिशा नेमकी कशी काढावी, याचे गणित अल् बेरूनी या विद्वानाने अकराव्या शतकात मांडले होते. गाव बदलले, की कोन बदलतो. छत्रीचेही तसेच आहे.

दुसरा कोन उंचीचा. त्याला उन्नतांश म्हणतात. कन्हेरीहून जीसॅट-१५ क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर आहे. पण छत्रीकडे पाहिले, तर ती एवढी वर पाहते असे वाटत नाही. याचे कारण तिची रचना. तिच्या पुढे दांड्यावर जो डबा असतो, त्याला एलएनबी म्हणतात. तो मध्यभागी नसून खालच्या बाजूला असतो. वरून तिरप्या आलेल्या लहरी छत्रीवर आपटून खाली एलएनबीत जमतात. त्यामुळे छत्री दिसते त्यापेक्षा वीसबावीस अंश अधिक वर पाहत असते. नवशिक्याची फसगत इथेच होते. तो छत्री आकाशाकडे फार उताणी करतो आणि मग उपग्रह काही सापडत नाही.

६० अंशांचा एक फायदा आहे. समोर ऊस कितीही वाढला, तरी अडथळा होत नाही. छत्रीपेक्षा दहा मीटर उंच असलेले लिंबाचे झाडही सहा मीटरांपलीकडे असेल, तर सहसा आड येत नाही.

आता टीव्हीच्या पडद्यावर दिसणाऱ्या दोन पट्ट्यांकडे वळू. हा भाग नीट समजून घ्या, कारण बहुतेक घरांत गोंधळ होतो तो इथेच. एका पट्टीवर 'स्ट्रेंग्थ' म्हणजे संकेताचा जोर दिसतो. दुसरीवर 'क्वालिटी' म्हणजे संकेताची शुद्धता दिसते. आठवड्याच्या बाजारात तुम्ही उभे आहात असे समजा. चहूकडून मोठा आवाज येतो, पण तुमचा मित्र काय म्हणतो ते कळत नाही. जोर भरपूर, शुद्धता शून्य! एलएनबीला वीज मिळाली, की त्याचा स्वतःचा गोंगाटही जोराच्या पट्टीवर दिसतो. छत्री चुकीच्या उपग्रहाकडे वळली, तरीही ती पट्टी भरते. म्हणून छत्री फिरवताना नजर ठेवायची ती शुद्धतेवर.

छत्री एकदम फिरवू नये. बोटभर सरकवावी, चारपाच सेकंद थांबावे, मग पट्टी पाहावी. एका अंशाची चूक आपल्याला किरकोळ वाटते. पण उपग्रहाच्या अंतरावर तिचे सहाशे किलोमीटरांहून अधिक होतात. शुद्धता सर्वांत जास्त दिसली, की नट हळूहळू आवळावेत आणि पट्टी पुन्हा पाहावी. आवळतानाच छत्री हलते. नंतर एलएनबी जागच्या जागी थोडा फिरवून पाहावा, कारण लहरी आपल्याकडे कलून येतात. होकायंत्र वापरायचे, तर ते लोखंडी खांबापासून दूर धरावे. एका डब्यावरचे ७० आणि दुसऱ्या डब्यावरचे ७० यांची तुलना मात्र करू नका. प्रत्येक कंपनीचे माप निराळे असते.

पावसाच्या दाट सरीत चित्र गोठले, तर छत्रीला हात लावू नका. पाण्याचे थेंब या लहरी शोषून घेतात. पाऊस ओसरला, की चित्र आपोआप येते. मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटे चित्र बिघडू शकते. त्या वेळी सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो. पण पाऊस गेल्यावरही चित्र आले नाही, तर आधी केबलीचे टोक पाहावे. तिथे पाणी शिरून तांबे काळे पडलेले असते. एवढ्यासाठी डिशवाल्याला बोलावून पैसे मोजणारी घरे थोडीथोडकी नाहीत.

२०२० साली शाळा बंद होत्या, तेव्हा ज्या घरांत स्मार्टफोन नव्हता, तिथे सह्याद्री वाहिनीवरचे पाठ मुलांच्या उपयोगी पडले. डीडी उर्दू ही वाहिनीही याच छत्रीतून येते. म्हणून घरात हे काम एकाला तरी यावे. मात्र वर चढायचे ते मोठ्या माणसाने. ओला पत्रा आणि जवळून जाणारी विजेची तार असेल, तर कोणीच चढू नये. तुम्ही खाली टीव्हीसमोर बसा आणि शुद्धतेचा आकडा मोठ्याने सांगत राहा.