जुन्या जीपगाडीच्या झिजलेल्या कमानी बदलणे

चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत डांबरी सडक जेथे संपते, तेथून पुढचा गावरस्ता मुरमाचा, नाल्यांवरील रपट्यांचा आणि बंडीच्या चाकोऱ्यांचा असतो. अशा रस्त्याने धानाचे बियाणे, खताच्या गोण्या, फवारणीचे पंप आणि प्रसंगी आजारी माणूस वाहून नेण्याचे काम आजही अनेक गावांत जुनी जीपगाडी करते. इंजिनाकडे मालकाचे लक्ष असते, टायरांकडे असते; परंतु गाडीखालच्या कमानींकडे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांकडे, पाटा मोडेपर्यंत सहसा कोणी पाहत नाही. आणि पाटा मोडतो तो बहुधा भरल्या गाडीनिशी, रपटा उतरताना.

जीपगाडी आणि ग्रामविस्ताराचे काम यांचा संबंध जुना आहे. महिंद्र कंपनीने १९४९ साली मुंबईतील माझगाव येथे विलिज जीपच्या पहिल्या ७५ गाड्या जुळविल्या. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समाजविकास योजनेचा प्रारंभ झाला आणि पुढे विकास गटाची जीप ही खेडोपाडी ओळखीची वस्तू झाली. गडचिरोली त्या वेळी चांदा जिल्ह्यातच होते. तो स्वतंत्र जिल्हा झाला १९८२ साली. शासनाच्या मालकीच्या १५ वर्षांवरील गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून संपुष्टात आली. त्यामुळे आता ज्या जुन्या जीपा रस्त्यावर दिसतात, त्या मुख्यतः शेतकऱ्यांच्या व लहान वाहतूकदारांच्या आहेत, आणि त्यांची देखभाल करणारा कारागीर अनेकदा मालक स्वतःच असतो. पुढील माहिती प्रामुख्याने त्याच्यासाठी आणि त्याला सल्ला देणाऱ्या ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी आहे. ताडोब्यात पर्यटकांना फिरविणाऱ्या जिप्सी गाड्यांनाही पुढे व मागे अशाच कमानी असल्याने तेथील चालकांनाही ती उपयोगी पडेल.

कमानीचे काम वजन झेलणे व धक्का जिरविणे हे आहे, असे सर्वांनाच माहीत असते. तिचे दुसरे काम मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. जीपगाडीत चाकांचा आस, म्हणजे ॲक्सल, सांगाड्याखाली जागच्या जागी धरून ठेवण्याचे काम मुख्यतः कमानच करते. सर्वांत लांब पाट्याच्या दोन्ही टोकांना डोळे वळविलेले असतात. एक डोळा खिळीने सांगाड्याला पक्का जोडलेला असतो आणि दुसरा शॅकलवर झुलता राहतो, कारण कमान दबली की तिची लांबी वाढते. मध्यभागी सर्व पाटे एका सेंटर बोल्टने एकत्र धरलेले असतात. त्या बोल्टचे डोके आसावरील बैठकीच्या छिद्रात बसते आणि दोन यू बोल्ट सगळे आवळून धरतात. मुख्य पाटा डोळ्याजवळ मोडला अथवा सेंटर बोल्ट तुटला, तर आस मागे किंवा पुढे सरकतो. पुढील चाकांच्या बाबतीत असे झाले की स्टिअरिंग चालकाच्या हातात राहत नाही. म्हणून झिजलेल्या कमानीची गणना गैरसोयीत न करता, निकामी ब्रेकच्या जोडीने करावी.

अनेक पातळ पाटे का, एकच जाड का नाही, हा प्रश्न साहजिक आहे. अखंड बांबू वाकविला तर तडकतो; त्याच्याच कांबी चिरून एकत्र बांधल्या तर जुडगा वाकतो आणि परत सरळ होतो. कमानीचे तत्त्व हेच. पाट्याची जाडी दुप्पट केली की त्याचा ताठपणा दुप्पट न होता आठपट होतो, आणि तेवढ्याच वाकण्यात त्याच्या पृष्ठभागावर ताण अधिक येतो. कोळशाच्या वाहतुकीमुळे चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस या भागांत ट्रकच्या कमानी बसविणारे चांगले कारागीर आहेत. पण त्यांचा हात ट्रकला सरावलेला असतो. “एक जादा पाटा टाकून देतो, गाडी बसणार नाही,” या सल्ल्याला जीपमालकाने सहजासहजी रुकार देऊ नये. गाडी उंच दिसते खरी, परंतु जो धक्का कमानीने गिळावयाचा तो मग सांगाड्याच्या पट्ट्यांना, कमानीच्या खुंट्यांना आणि बसणाऱ्यांच्या पाठीला सोसावा लागतो.

कमान बसण्याचे खरे कारण बहुधा भार हेच असते. मूळ लष्करी जीप पाव टनाची गाडी म्हणून ओळखली जाई. पाव टन म्हणजे सुमारे सव्वादोनशे ते अडीचशे किलो. ४५ किलोची युरियाची गोणी धरली तर पाच गोण्यांतच हा आकडा गाठला जातो, आणि माणसे त्यावर वेगळीच. पुढे निघालेल्या जीपा अधिक भार घेतात. आपल्या गाडीची क्षमता नोंदणीपुस्तकात पाहून घ्यावी आणि गोण्यांचा हिशेब त्यावरून करावा.

कमानीची तपासणी गाडी रिकामी असताना, सपाट खळ्यावर किंवा गोदामाच्या सिमेंटच्या जमिनीवर करावी. आसाच्या नळीपासून सांगाड्यापर्यंतचे उभे अंतर दोन्ही बाजूंनी मोजून लिहून ठेवावे. दोन्ही बाजूंत बोटभर फरक पडत असेल तर एक कमान बसली आहे. नंतर पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांमधील अंतर डाव्या व उजव्या बाजूस मोजावे. चाके सरळ ठेवूनही ते सारखे भरत नसेल, तर आस सरकल्याची शंका घ्यावी. मागे घेताना खालून ठोका ऐकू येणे, गाडी एका अंगास ओढणे, पाट्यांच्या फटीतून तांबडी गंजाची पूड गळणे, ही लक्षणेही तशीच बोलकी आहेत. बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी पाटा तारेच्या ब्रशाने व रॉकेलने धुऊन पुसावा, रॉकेल फटीत मुरू द्यावे आणि वरून चुन्याचा पातळ हात फिरवावा. चुना वाळला की तडा असलेल्या ठिकाणी ओलसर काळी रेघ उमटते. सेंटर बोल्टच्या छिद्राजवळ विशेष काळजीने पाहावे, कारण यू बोल्ट सैल राहिलेल्या गाडीत पाटा बहुतेक तेथेच मोडतो.

कामास लागण्यापूर्वी एक दिवस अगोदर सर्व नटांवर गंज सोडविणारे तेल टाकून ठेवावे. पुष्कळ जुन्या जीपांत हातब्रेक चाकांवर नसून गिअरपेटीमागच्या शाफ्टवर असतो. त्यामुळे मागचे एक चाक जरी उचलले गेले, तरी हातब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळू शकते. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून व मागून लाकडी पाचरी लावल्यावाचून जॅकला हात घालू नये. सांगाडा लोखंडी घोडीवर किंवा सागाच्या रुंद ठोकळ्यांवर टेकवावा. विटा व दगड वापरू नयेत, ते भाराखाली अकस्मात फुटतात. पावसाळ्यात जमीन मऊ असल्यास घोडीखाली जाड फळी घालावी. दुसऱ्या जॅकने आस हलकेच पेलून धरावा, म्हणजे कमानीवरचा ताण उतरतो आणि ब्रेकची रबरी नळी ओढली जात नाही.

दोन्ही बाजूंच्या कमानी एकाच वेळी सोडू नयेत. एका बाजूची कमान जागेवर असेपर्यंत आस फारसा हलत नाही आणि जुळणी सोपी जाते. प्रथम शॉक ॲब्सॉर्बरचे खालचे टोक, मग यू बोल्ट, शेवटी शॅकल व खिळ असा क्रम ठेवावा. यू बोल्ट गंजून बसले असल्यास ते करवतीने कापावेत. विलिज घडणीच्या जीपमध्ये पेट्रोलची टाकी चालकाच्या बैठकीखालीच असते, हे विसरून गॅसची ज्योत लावणे म्हणजे सरळसरळ आगीस निमंत्रण होय. याच घडणीच्या काही जुन्या गाड्यांत शॅकलचे बुश आट्यांचे असून त्यांतील काहींचे आटे उलटे असतात. अशा बुशाच्या षट्कोनी डोक्याभोवती खाच कोरलेली असते. ती खूण पाहिल्याविना पाना लांब करून जोर लावला, तर बुश सुटावयाचा तो अधिकच आवळला जातो आणि शॅकल मोडतो. कमान काढण्यापूर्वी तिचे पुढचे टोक व बाजू रंगाने खूण करून ठेवावी. सेंटर बोल्ट नेहमी बरोबर मध्यावर असतोच असे नाही, आणि काही गाड्यांत डाव्या व उजव्या कमानी सारख्या नसतात. काढलेल्या कमानीचा सेंटर बोल्ट पाटे वाईसमध्ये दाबून धरल्याखेरीज सोडू नये, एरवी पाटे उसळून हाताला इजा होते.

जुनी कमान पुन्हा वळवून घ्यावी की नवी घ्यावी? सर्व पाटे अखंड असतील, टोकांशी झिजून पातळ झाले नसतील व फक्त गोलाई गेली असेल, तर थंड स्थितीत ठोकून गोलाई परत आणता येते आणि हलक्या कामाच्या गाडीस ती कमान काही काळ चांगली चालते. मुख्य पाटा तडकला असल्यास मात्र नवाच संच घ्यावा, आणि तोही दोन्ही बाजूंस एकदम. एक नवी व एक थकलेली कमान गाडीस कायम तिरकी ठेवते. मोडलेला पाटा वेल्डिंगने सांधण्याचा मोह टाळावा. या पोलादाला पाणी देऊन व पुन्हा बेताने तापवून लवचिक केलेले असते. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्यालगतची जागा ठिसूळ होते आणि पाटा थोड्याच दिवसांत तेथेच मोडतो. लोहाराच्या भट्टीत लाल करून वाकविलेल्या पाट्याचेही तेच. मोडक्या पाट्याचा कोयता किंवा कुऱ्हाड उत्तम होते. ते काम लोहाराने अवश्य करावे.

नवी कमान चढविताना प्रथम पक्का डोळा, मग शॅकल, आणि त्यानंतर जॅकने आस सावकाश वर-खाली करून सेंटर बोल्टचे डोके बैठकीच्या छिद्रात नेमके बसवावे. हे डोके बसले नसताना यू बोल्ट आवळले गेल्याने वाया गेलेल्या कमानी थोड्या नाहीत. यू बोल्ट नवेच वापरावेत. एकदा ताणलेले जुने बोल्ट पुन्हा तेवढी पकड धरत नाहीत. चारही नट आलटून पालटून, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळीत न्यावेत. रबरी बुश असल्यास त्यांना तेल अथवा ग्रीस लावू नये, साबणाच्या पाण्याने बसवावेत, आणि खिळांचे नट शेवटचे आवळावे ते चाके जमिनीवर टेकवून, गाडी चार वेळा दाबून हलविल्यानंतरच. गाडी अधांतरी असताना ते आवळले, तर रबर कायमचे पिळलेले राहते व लवकर फाटते. आट्यांच्या धातूच्या बुशांना मात्र ग्रीस भरपूर द्यावे आणि शॅकल हाताने मोकळा हलतो याची खात्री करावी.

नव्या कमानींवर गाडी आधीपेक्षा उंच उभी राहते. म्हणून ब्रेकची नळी ताणली जात नाही ना आणि शॉक ॲब्सॉर्बर टोकाला जाऊन अडकत नाही ना, हे रिकामी गाडी हळू चालवून पाहावे. सुमारे १०० किलोमीटर झाल्यावर यू बोल्ट न चुकता पुन्हा आवळावेत. पाटे एकमेकांवर बसले की नट सैल पडतात. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा या बाजूस ज्यांची गाडी जाते, त्यांना पाट्यासाठी चंद्रपूर गाठावयाचे तर दिवस मोडतो, आणि पर्लकोटेला पूर असला तर तेही जमत नाही. त्यांनी हे काम मृगापूर्वी उरकावे, गाडीत एक जादा सेंटर बोल्ट, दोन यू बोल्ट व त्यांच्या मापाचा पाना ठेवावा, आणि पावसाळाभर दर आठवड्यास चिखल धुऊन त्या आठ नटांवर पाना फिरवावा.