संगणक रिकामा, तरी इंटरनेट चालू कसे?



मागे आमच्या घरचा महिन्याचा डेटा वीस तारखेलाच संपला. संगणकापुढे कोणी नसताना मोडेमचा दिवा मात्र लुकलुकत राही. आम्ही मुलाला रागावलो. "बाबा, मी काहीच डाउनलोड केलं नाही," असे तो म्हणाला. आम्ही विश्वास ठेवला नाही.

सावरगाव व पांढुर्ण्याच्या मधून जाम नदी वाहते. पुलावर वर्दळ दिसली की कोण चालले आणि कुठे, हे आपण पाहतो. संगणकाबाबतही तेच करायचे. विंडोजच्या सेटिंग्जमधील 'डेटा युसेज'मध्ये गेल्या ३० दिवसांत कोणत्या प्रोग्रामने किती डेटा वापरला ते दिसते. या क्षणी काय चालले आहे ते 'रिसोर्स मॉनिटर'च्या नेटवर्क भागात कळते: प्रोग्रामचे नाव, समोरचा पत्ता, दर सेकंदाला गेलेले व आलेले बाइट. आधी ब्राउझर बंद करावा, नाहीतर आपलाच पसारा दिसतो.

आमच्याकडे 'पाठवलेले' हा रकाना फुगला होता. फाइली ऑनलाइन साठवणाऱ्या प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये आम्हीच स्नेहसंमेलनाचा मोठा व्हिडिओ ठेवला होता. वीज गेली की पाठवणे तुटे, आली की पुन्हा पहिल्यापासून सुरू! मुलाला तसे सांगावे लागले. तो नुसता हसला.

२०१५ साली आलेल्या विंडोज १० मध्ये आपला संगणक इतरांच्या संगणकांना अपडेट पुरवू शकतो, अशीही सोय होती. 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन'मध्ये ती बंद करता येते.

पण सगळीच वर्दळ निरुपद्रवी नसते. ऑगस्ट २०१८ मध्ये चोरांनी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत मालवेअर घुसवले. एटीएमची विचारणा बँकेच्या मुख्य यंत्रणेपर्यंत पोहोचेना. मधूनच खोट्या यंत्रणेकडून 'पैसे द्या' असे उत्तर जाई. या हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले.

म्हणून ओळखीच्या नावावरही निर्धास्त राहू नये. 'एसव्हीसीहोस्ट' हे विंडोजचेच नाव, पण त्याआड मालवेअरही लपते. नावावर उजवी कळ दाबून फाइल कुठे आहे ते पाहावे. खरी फाइल सहसा विंडोजच्या 'सिस्टम ३२' फोल्डरमध्ये असते. डाउनलोड्समध्ये सापडली तर आधी इंटरनेट तोडावे, मग अँटिव्हायरसने तपासणी करावी. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राकडे (स्थापना २०१७) अशी साधने मोफत मिळतात; ती दुसऱ्या संगणकावर उतरवून पेनड्राइव्हने आणावीत. तपासणी पूर्ण होईपर्यंत त्या संगणकावरून बँकेचा पासवर्ड टाकू नये.