कॅमेरा घेतलास, आता जरा ऐक

पोरी,

कॅमेरा घेतलास, जाड कागदाची वही आणलीस, जलरंगांची पेटीसुद्धा आणलीस. आणि आता तोंड पाडून सांगतेस, "आत्या, मासवणात टिपण्यासारखं आहे काय? काही सुचतच नाही." हिमाचलला गेलं की सुचेल म्हणे. जा ना बाई, जरूर जा. पण बोईसरच्या कंपनीतून रजा मिळेपर्यंत काय करशील? तोवर हे वाच. सगळं एकदम अंगावर घेऊ नकोस. पटेल ते आज कर, न पटेल त्यावर दिवाळीत भांडू.

१. सुचायची वाट बघत बसू नकोस, रोज एक नोंद कर — ओळ असो, फोटो असो, चार रेघा असोत. नोंदी साठल्या की पुढचं त्यांच्यातूनच निघतं. माझी म्हण लिहून ठेव: पावसाची वाट बघावी, पण राब आधी भाजावा.

२. नोंद लहान ठेव, चहाला आधण येईपर्यंत संपेल एवढीच — पानभर लिहायचं ठरवलं की तिसऱ्या दिवशी तुझं डोकं दुखणार, मला माहीत आहे.

३. एक जागा धर आणि परत परत तिथेच जा. सूर्येच्या काठावर एखादं करंजाचं झाड निवड, त्याच्या बुंध्याला टेकूनच फोटो घे, त्याच उंचीवरून, त्याच दिशेला — म्हणजे बदल नदीत झाला की तुझ्या उभं राहण्यात, हा घोळ उरत नाही.

यावर जरा थांबते, कारण तुला हेच सगळ्यात कंटाळवाणं वाटणार. वैशाखात तिथे खडक उघडे पडतात, बाया त्यावर गोधड्या आपटतात. आषाढात तेच खडक लाल गढूळ पाण्याखाली जातात. मार्गशीर्षात पाणी निवळतं, तळाचे गोटे दिसतात. पण गंमत पुढे आहे. वर धामणीला धरण आहे. उन्हाळ्यात नदीला किती पाणी यायचं हे बरंचसं तिथे ठरतं. आणि आपल्या मासवणातून पाणी उचललं जातं ते थेट वसई-विरारच्या नळांना. त्यामुळे मे महिन्यातल्या दोन आठवड्यांच्या दोन फोटोंत पाणी वेगळं दिसलं, तर आभाळाकडे बघू नकोस, धरणाकडे बघ. एका झाडाखाली वर्षभर उभी राहिलीस की फोटोंबरोबर असे प्रश्नही गोळा होतात. चित्र, कविता, जे काय तुला करायचंय ते त्या प्रश्नांतून येतं. नुसत्या सुंदर नदीचा फोटो काय, कॅलेंडरवरही असतो.

४. पावसाळ्यात मात्र पात्रात एक पाऊल उतरायचं नाही — धरणाचे दरवाजे उघडले की इथे ऊन असलं तरी पाणी चढतं, आणि कॅमेऱ्याला डोळा लावलेल्या माणसाला ते शेवटी दिसतं.

५. प्रत्येक नोंदीवर तारीख घाल, आणि मोबाईलमधल्या फाईलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस — तसं केलंस की फोटो आपसूक ओळीने लागतात, नाहीतर सगळ्या वर्षांच्या एक तारखा एका जागी गोळा होतात.

६. इंग्रजी तारखेशेजारी मराठी महिनाही लिही — मोह फुलायला लागला, आवणी सुरू झाली, हे फाल्गुन-आषाढाच्या हिशेबाने लगेच लक्षात राहतं. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' १९५६ साली आलं. त्यात चैत्रापासून एकेका महिन्याची झाडं, पाखरं, फुलं आहेत. कपाटात आहे माझ्या, घेऊन जा. परत आण म्हणजे झालं.

७. झाडाचं, भाजीचं, अवजाराचं नाव इथल्याच माणसाला विचारून लिही — नाव विचारलं की त्यामागची गोष्ट फुकट मिळते. पहिल्या सरींनंतर शेवळं विकायला येतात ना, त्या जुडीबरोबर काकडं का देतात ते विकणाऱ्या बाईला विचार. शेवळं घशाला खाजतात, काकडं ती खाज मारतात, हे ती सांगेलच. शिवाय ती कुठल्या जंगलातून आली, किती वाजता निघाली, हेही सांगेल. फोटोत नुसती जुडी आली असती.

८. माणसाचा फोटो काढण्याआधी विचार, आणि नाही म्हणाला तर हसून पुढे जा — उद्या त्याच रस्त्याने परत यायचंय तुला.

९. वारली घरात लग्नाचा चौक लिहिलेला असेल तर विचारल्याशिवाय कॅमेरा पिशवीतून बाहेरही काढू नकोस — भिंत सजवायला म्हणून तो काढलेला नसतो, लग्नविधीचाच भाग असतो.

हा एक मुद्दा नीट समजून घे, कारण शहरातली माणसं इथेच घसरतात. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, चावून मऊ केलेल्या काडीने सवासिनी तो चौक लिहितात. आत पालघट देवी असते. ती बसली की लग्न लागतं. आता हे चित्र कुर्त्यांवर, चहाच्या कपांवर, विमानतळाच्या भिंतींवर सगळीकडे दिसतं, म्हणून तुला वाटतं ते सगळ्यांचंच. कागदावर ते आलं १९७० च्या दशकात. भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार डहाणू भागात आले, त्यांनी इथल्या लोकांना कागद-रंग दिले. याच गृहस्थांनी त्याआधी बिहारच्या दुष्काळात मधुबनीच्या बायांपुढेही कागद ठेवला होता. आणि गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर जिव्या सोमा मशे होते. लहानपणी आई गेली, तेव्हा पोर बोलायचंच थांबलं. धुळीत चित्रं काढून मनातलं सांगायचं, असं सांगतात. पुढे तेच हात रोज चित्र काढू लागले. बायकांचं, लग्नापुरतं असलेलं काम एका पुरुषाने रोजचं केलं. २०११ ला पद्मश्री मिळाली, २०१८ ला गेले. त्यांच्या चित्रांत मासे धरायचं जाळं बघ, मुंग्या बघ, शेतात वाकलेली माणसं बघ. सगळं घराच्या आसपासचं. हिमाचल नाही कुठे.

१०. वारली आकृती वहीत काढून बघ, हात सुटतो — दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की कंबर कुठे वाकते ते कळतं, आणि मग आवणी करणाऱ्या बाईची पाठ तुला पहिल्यांदा खरी दिसते. पण ते 'वारली चित्र' म्हणून विकायला काढू नकोस — २०१४ पासून त्याला भौगोलिक मानांकन आहे, आणि मानांकन नसतं तरी ते दुसऱ्याच्या घरचं आहे.

११. आधी रेघ, मग फोटो — फोटो एकदा निघाला की डोळा चप्पल घालून निघून जातो, परत बसत नाही. चित्र वाईट आलं तरी चालेल. तुझं येणारच आहे सुरुवातीला.

१२. शब्द आणि चित्र एकाच पानावर राहू देत, वेगवेगळ्या वह्या करू नकोस — महिन्याने 'ते कुठे लिहिलं होतं' म्हणून घर उलथंपालथं करशील. प्रभाकर बरवे एवढे मोठे चित्रकार, तेही डायऱ्या लिहीत, आणि त्यांत विचाराशेजारी रेखाटन असायचं. त्यांच्या चित्रांतल्या वस्तू बघशील तर घड्याळ, पान, असल्याच घरगुती. १९९० चं त्यांचं 'कोरा कॅनव्हास' मिळालं तर वाच. सावकाश वाच, पटकन समजत नाही ते.

१३. पावसाळ्यात पेन्सिल वापर — जेल पेनची अक्षरं एका थेंबात पसरतात, पेन्सिल ओल्या कागदावरही टिकते.

१४. जून ते सप्टेंबर कॅमेरा कपाटात नाही, घट्ट झाकणाच्या डब्यात, ओलावा शोषणाऱ्या खड्यांच्या पुड्या घालून ठेव — आपल्याकडच्या दमट हवेत भिंगाला बुरशी धरते, आणि ती काढायचा खर्च ऐकलास की फोटोग्राफी सोडशील. निळे खडे गुलाबी झाले की बदल. वातानुकूलित खोलीतून बाहेर पडलीस की थोडा वेळ कॅमेरा पिशवीतच राहू दे, नाहीतर भिंगावर वाफ धरते.

१५. ढगाळ दिवसाला नाकं मुरडू नकोस — भर दुपारच्या उन्हात चेहरे अर्धे काळे येतात, आभाळ भरलेलं असलं की चेहराही येतो आणि खाचरातली हिरवाईही. मातीच्या भिंतीचा फोटो मात्र कोवळ्या तिरप्या उन्हात घे — सारवणाऱ्या हाताची बोटं तेव्हाच उठून दिसतात.

१६. तारापूरच्या अणुऊर्जा केंद्राकडे कॅमेरा वळवायचा नाही, आणि स्वतःच्या कंपनीच्या आवारातही परवानगीशिवाय नाही — पाटी लावलेली असते ती वाचायला असते. तिथलं काही मनात राहिलं तर घरी येऊन लिही. वास, भोंगा, पाळी सुटल्यावर सायकलींची आणि रिक्षांची गर्दी. लिहायला कोण अडवतंय?

१७. गाडीत फोन पर्समध्ये ठेव आणि कान उघडे ठेव — दारात फोन बाहेर काढून फोटो घेणाऱ्यांचे फोनही जातात आणि हातही. २०१३ ला डहाणूपर्यंत लोकल आली, तेव्हापासून डब्यातली भाषाच बदलली: मांगेली, वाडवळी, वारली, गुजराती, हिंदी, सगळं एका बाकावर. सातपाटीच्या बायका पापलेटचा भाव कसा सांगतात, तेवढी दोन वाक्यं जशीच्या तशी उतरव. शुद्ध करू नकोस, मेहेरबानी कर.

१८. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोला जपून ठेवलेला फोटो समजू नकोस — तो आकसून जातो आणि त्यातली तारीखही गळते. ठेवायचा असेल तर मूळ फाईल ठेव, पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठव.

१९. मूळ फोटो दोन ठिकाणी, त्यातलं एक घराबाहेर — एकाच पेटाऱ्यात ठेवलेलं धन उंदराला सोयीचं. वह्यांच्या पानांचेही अधूनमधून फोटो काढ.

२०. रविवारी बसून आठवड्याचे फोटो निवड, बाकीचे पूस — हजारांत हरवलेला चांगला फोटो आणि न काढलेला फोटो यांत काही फरक नाही.

२१. ज्याचा फोटो काढलास त्याला तो छापून नेऊन दे, मोबाईलवर दाखवून भागवू नकोस — पुढच्या वेळी दारात उभं राहायला लागत नाही, आत बोलावतात. चौकाच्या वेळी बोलावणं असंच येतं, मागून येत नाही.

२२. साध्या, कुरूप, रोजच्या गोष्टी आधी टिप: बांध, पायवाट, नाक्यावरची टपरी, वाघोबा खिंडीतलं वळण — डोंगर राहील गं, हे राहणार नाही. बुलेट ट्रेनचं स्थानक बोईसरला येतंय, ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराची पायाभरणी झाली, जिल्हा होऊन तर २०१४ पासून पालघर ओळखू येईनासं झालंय. बरं की वाईट ते तू ठरव, माझी मतं तुला पाठ आहेत. पण पुढे कोणी विचारलं की इथे आधी काय होतं, तर हातात फोटो पाहिजे, आणि त्यामागे तारीख, जागा आणि नाव पाहिजे.

२३. काम कच्चं असताना इन्स्टाग्रामवर टाकू नकोस — चार लोकांनी वाहवा केली की तेच परत परत काढत बसशील, कोणी बघितलं नाही तर तेही सोडशील. वर्षभर वही झाकलेली राहू दे.

२४. वहीच्या पहिल्या पानावर नाव आणि फोन नंबर लिही, घरचा पत्ता नको — गाडीत विसरलीस तर परत मिळायची आशा राहते. तू विसरणारच आहेस; छत्र्या किती घालवल्यास ते आईला विचार.

आता चैत्र लागतोय. करंजाचं झाड शनिवारपर्यंत निवड आणि मला सांग कुठलं ते. घाटापलीकडचं निवडलंस तर उन्हात चालत जायला मी येणार नाही, जवळचं बघ.

तुझी आत्या