आधी सॉफ्टवेअर, मग कार्ड

ताईने माळ्यावरचा तो जुन्या कॉम्प्युटरचा कॅबिनेट भंगारात दिला नाही, हे बरं केलं. पण बटण दाबण्याआधी मामाचं ऐक. नेरूळची हवा खाडीची, दमट नि खारट. ग्राफिक्स कार्डाच्या सोनेरी पट्टीवर काळपट थर चढतो. कार्ड काढ, पेन्सिलीच्या खोडरबराने पट्टी हलक्या हाताने घास, चुरा झटक आणि परत घट्ट बसव. पडद्यावर रेघा आल्या की लोक नवं कार्ड शोधत फिरतात. पुष्कळदा काम इथेच होतं.

मग गेम. सॉफ्टवेअर मोड असेल तर पहिल्यांदा त्यातच चालव. त्यात चित्राचा एकेक ठिपका प्रोसेसर स्वतः काढतो, कार्ड फक्त तयार चित्र पडद्यावर पोचवतं. सॉफ्टवेअरमध्ये सगळं ठीक आणि कार्डाकडून चित्र काढवणाऱ्या ओपनजीएलमध्ये गोंधळ, तर संशय ड्रायव्हरवर किंवा कार्डाच्या थ्रीडी भागावर. दोन्हीकडे गोंधळ असेल तर रॅम, केबल, पॉवर सप्लाय बघायला घे. या तपासाला १९९८चा हाफ-लाइफ फार सोयीचा, कारण सॉफ्टवेअर, ओपनजीएल आणि डायरेक्टथ्रीडी असे तिन्ही पर्याय त्यात आहेत. काउंटर-स्ट्राइक त्याच्याच जिवावर उभा. म्हणून तर सायबर कॅफेतल्या ऑनबोर्ड ग्राफिक्सच्या मशीनवरही पोरं तो खेळायची.

सॉफ्टवेअरमध्ये गेम अडखळला तर रिझोल्यूशन उतरव, बाकी सेटिंगला नंतर हात लाव. ३२०×२०० म्हणजे ६४,००० ठिपके. ६४०×४८० म्हणजे ३,०७,२००. जवळजवळ पाचपट हमाली, तीही दर फ्रेमला.

आणि प्रोसेसर कुठला आहे ते आधी बघ. १९९६चा क्वेक पेंटियमच्या दशांशी गणिताच्या जोरावर लिहिलेला. सायरिक्सची चिप स्वस्त होती, ऑफिसच्या कामाला चांगलीही होती, पण त्या गणितात कच्ची, त्यामुळे क्वेकमध्ये मागे पडायची. तसल्या मशीनला दोष देत बसू नकोस, त्याला दुसरा गेम दे.

हार्डवेअर म्हणजे नेहमीच सरस, हे मी मानत नाही. १९९७च्या जीएलक्वेकमध्ये, म्हणजे क्वेकच्या कार्डावर चालणाऱ्या आवृत्तीत, भिंती गुळगुळीत झाल्या, वेग वाढला, पण पाण्याखाली गेल्यावर सगळा पडदा जो हेलकावायचा ते गेलं. अंधारात स्वतःच्या उजेडाने चमकणारे ठिपकेही विझले. मी अजून क्वेक सॉफ्टवेअरमध्येच खेळतो. अनरियल हा गेम मात्र कार्डावर बघ. त्याचा सॉफ्टवेअर मोडही त्या काळात नावाजलेला होता, तरी.

काही गेम हा पर्यायच देत नाहीत. १९९९च्या क्वेक थ्रीला थ्रीडी कार्ड लागतंच. २००३च्या प्रिन्स ऑफ पर्शियाने तर जीफोर्स फोर एमएक्स घेतलेल्यांची फजिती केली. नावात चार, पण त्या गेमला लागणारा पिक्सेल शेडर नाही. कार्डावरचा आकडा बघून पैसे मोजू नयेत, ते यासाठी.

तुझ्या नव्या लॅपटॉपवर उलटा घोळ होईल. ड्रायव्हर आपल्या सोयींची यादी गेमला वाचून दाखवतो. आताची यादी इतकी लांब की जुन्या ओपनजीएल गेमने तिच्यासाठी राखलेली जागा पुरत नाही आणि गेम सुरू होतानाच कोसळतो. अशा वेळी सॉफ्टवेअर मोड तारतो. एज ऑफ एम्पायर्स दोनमध्ये गवत जांभळं-लाल दिसलं तर कार्ड बिघडलं असं समजू नकोस. तो गेम २५६ रंगांच्या पेटीतून रंग उचलतो आणि नव्या विंडोजमध्ये ती पेटी विस्कटते. थ्रीडीएफएक्सच्या व्हूडू कार्डांसाठीच्या ग्लाइडवर चालणाऱ्या गेमला डीजीव्हूडू दोन वापर. त्याची डीएलएल फाइल गेमच्या फोल्डरमध्ये टाकायची, बस.

खरं व्हूडू कार्डच हवं असेल तर लॅमिंग्टन रोडला चौकशी कर. हार्बरने कुर्ला, तिथून दादर, मग वेस्टर्नने ग्रँट रोड. पहिलं व्हूडू आणि व्हूडू टू डेस्कटॉप दाखवतच नाहीत. त्यांना शेजारी साधं कार्ड आणि मधे जोडायची केबल लागते, ती मागून घे. दुकानदाराने नुसतं विंडोज चालू करून दाखवलं तर त्याने व्हूडूबद्दल काहीच कळत नाही. गेम लावून दाखवायला सांग, दहा मिनिटं चालू दे, कार्ड तापू दे. आणि रविवारी जाऊ नकोस, बरीच दुकानं बंद असतात.