न वाचलेल्या पुस्तकांचे काय करावे?

प्रश्न : प्रदर्शनांतून घेतलेली सुमारे १५० पुस्तके घरात न वाचता पडून आहेत. ती कशी संपवावीत? नवी खरेदी बंद करावी का?

उत्तर : आधी हिशेब मांडा. रोज २० पाने वाचली तर ३०० पानांचे पुस्तक १५ दिवसांत होते, म्हणजे वर्षाला २४. या वेगाने तुमच्या साठ्याला सहा वर्षांहून अधिक काळ लागेल आणि तेवढ्या काळात तुमची आवडही बदलेल. म्हणून सगळी संपवण्याचा हट्ट सोडून निवड करायला हवी. प्रत्येक पुस्तकाची ३०-४० पाने वाचा. ओढ वाटली तर पुढे जा, नाहीतर ते गावातल्या वाचनालयाला द्या. अर्धवट सोडणे हा लेखकाचा अपमान आहे, असे अनेकांना वाटते. पण डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, असे एक सूत्र आहे. तुमच्या कपाटात अडकलेले पुस्तक त्या वाचकापासून दूरच राहते.

खरेदी पूर्ण थांबवू नका. मराठी पुस्तकांच्या आवृत्त्या लहान असतात. संपलेली आवृत्ती पुन्हा निघेलच असे नाही. त्यामुळे दुर्मिळ होऊ शकणारे पुस्तक जरूर घ्या. मात्र ‘ययाति’ किंवा ‘मृत्युंजय’सारखी सतत छापली जाणारी पुस्तके वाचायला घ्याल त्याच दिवशी आणा. सवलत हे खरेदीचे कारण असू नये. वाचनासाठी राखलेला वेळ हेच कारण असावे.