स्पॅनिश भाषकाची इंग्रजी आणि आपली

इंग्रजी कठीण आहे असे आपण सारेच म्हणतो. परंतु ती कोणाला कठीण, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. घरून कोणती भाषा घेऊन आपण निघालो, यावर वाटेतील खाचखळगे ठरतात. प्रस्तुत लेखासाठी मी स्पॅनिश भाषकांचे उदाहरण घेतले आहे. स्पेनपासून मेक्सिको, पेरू, अर्जेंटिनापर्यंत वीसएक देशांची ही राजभाषा. आमच्या ग्रंथालयात इंग्रजांना स्पॅनिश शिकविणारे एक व्याकरण आहे. ते मी उलट्या बाजूने वाचले, म्हणजे यातला प्रत्येक नियम त्या बाजूच्या विद्यार्थ्याला इंग्रजी शिकताना कसा नडेल, हे पाहत.

प्रथम त्यांची श्रीमंती पाहू. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि त्यांच्याबरोबर फ्रेंच भाषा तेथे आली. लॅटिनमधून आलेले हजारो शब्द पुढे इंग्रजीत रुळले. स्पॅनिश ही तर लॅटिनचीच लेक. त्यामुळे 'नेशन'ला 'नासिओन', 'एज्युकेशन'ला 'एदुकासिओन', 'युनिव्हर्सिटी'ला 'उनिव्हर्सिदाद' असे नातेवाईक त्यांच्या घरातच बसलेले असतात. 'सिओन'च्या जागी 'शन' आणि 'दाद'च्या जागी 'टी' ठेवली की शेकडो शब्द पाठ न करता हाती येतात. शब्दार्थांच्या वह्या भरणाऱ्या आपल्यासारख्यांना हेवा वाटावा अशीच ही गोष्ट! अर्थात आपणही अगदीच रिकाम्या हाताचे नाही. पोर्तुगीज ही स्पॅनिशची बहीण, आणि तिच्याकडून आपण 'पगार' घेतला. मुळात 'पगार' म्हणजे पैसे देणे. स्पॅनिशमध्येही हाच शब्द आहे आणि इंग्रजीतील 'पे' त्याच लॅटिन मुळातून फ्रेंचमार्गे आला आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेची वाट पाहणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

पण या श्रीमंतीत खोटी नाणीही आहेत. स्पॅनिशमध्ये 'एम्बारासादा' म्हणजे गर्भवती. संकोचलेली मुलगी इंग्रजीतील 'एम्बॅरस्ड' डोळ्यांसमोर ठेवून स्पॅनिश बोलली, तर काय अनर्थ होईल! 'लिब्रेरिया' म्हणजे वाचनालय नव्हे, पुस्तकांचे दुकान. 'एक्सितो' हा शब्द 'एक्झिट'सारखा दिसतो, पण अर्थ आहे यश. आपल्याला हा अनुभव हिंदीने दिलेला आहेच. हिंदीत 'शिक्षा' घ्यायला मुले शाळेत जातात. मराठीत ती झाली की मुले शाळेतून पळतात.

व्याकरणाकडे वळले की मात्र स्पॅनिश विद्यार्थी आपल्या बाकावर येऊन बसतो. त्याच्या क्रियापदातच कर्ता लपलेला असतो. 'आब्लो' म्हणजे 'मी बोलतो', वेगळा 'मी' लागत नाही. आपण 'उद्या येतो' म्हणतो तसेच. 'पाऊस पडतो आहे' हे सांगायला त्याला 'युएबे' हा एकच शब्द पुरतो. म्हणून इंग्रजीतला तो बिनकामाचा 'इट' त्याच्याकडून राहून जातो. वय सांगताना तो 'माझ्याजवळ एकोणीस वर्षे आहेत' अशा घाटाचे वाक्य करतो, आणि इंग्रजीत 'आय हॅव नाइन्टीन इयर्स' असे म्हणून बसतो.

मला सर्वांत नवल वाटले ते आवडीनिवडीचे. 'मला आंबा आवडतो' या वाक्यात कर्ता कोण? आंबा. म्हणून आंबे अनेक झाले की 'मला आंबे आवडतात'. स्पॅनिशमध्ये हुबेहूब हेच आहे: 'मे गुस्ता एल मांगो', आणि अनेकवचनात 'मे गुस्तान लोस मांगोस'. माझी आई शाळेची पायरी चढलेली नाही, पण या क्रियापदाच्या वचनात ती कधी चुकत नाही. इंग्रजीत मात्र 'मी' पुढे होऊन आंब्यावर सत्ता गाजवितो: 'आय लाइक'. आपली रचना उलटी आणि त्यांची सुलटी, असे कोणी समजू नये. जुन्या इंग्रजीत 'लाइक'चा अर्थ 'रुचणे, भावणे' असाच होता आणि ज्याला रुचते तो चतुर्थीत असे. शेक्सपिअरच्या नाटकांत 'मीथिंक्स' हा शब्द येतो, तो तरी दुसरे काय आहे? 'मला वाटते'! म्हणजे इंग्रजी एके काळी आपल्यासारखीच बोलत होती. पुढे तिने घर बदलले.

उपपदांच्या बाबतीत वाटा वेगळ्या होतात. आपल्याकडे ती नाहीतच, म्हणून आपण गाळतो. त्यांच्याकडे ती भाववाचक नामालाही लागतात, म्हणून ते 'द लाइफ इज शॉर्ट' म्हणतात. एकाला कमी पडते, दुसऱ्याला जास्त होते. उच्चारात पुन्हा गंमत आहे. स्पॅनिश शब्दाच्या आरंभी 'स्ट', 'स्क' येतच नाही. आधी 'ए' लागतो. स्टेशनला ते 'एस्तासिओन' म्हणतात, आणि इंग्रजी बोलतानाही जीभ तसाच आधार शोधते. आमच्या गावची म्हातारी माणसे 'इस्टेशन' म्हणतात, तेव्हा शहरातली पोरे हसतात. त्यांनी हसण्यापूर्वी माद्रिदला जाऊन यावे.

शेवटची अडचण दोघांचीही सारखीच. 'टॉलरेट' हा शब्द स्पॅनिश विद्यार्थ्याला ओळखीचा, कारण त्याच्याकडे 'तोलेरार' आहे. पण साधा इंग्रज 'पुट अप विथ' म्हणतो. 'पुट' म्हणजे ठेवणे, 'अप' म्हणजे वर, 'विथ' म्हणजे बरोबर. आणि तिघांचा मिळून अर्थ सहन करणे! कोशात एकेक शब्द शोधून हाती काही लागत नाही. आपणही 'सांगून टाकले' म्हणतो. काय टाकले, असे एखाद्या मेक्सिकन मुलाने विचारले तर आपणही गप्पच होऊ. अशी क्रियापदे पूर्ण वाक्यासकट उतरवावीत, सुटी नकोत. मी त्यांची निराळी वही केली आहे. एकशे दहा झाली आहेत. अजून 'टेक'चे पान संपलेले नाही.