वर्डची फाईल : आधी झाडा, मग सजवा



सत्र परीक्षेच्या वेळची गोष्ट. चार शिक्षकांचे प्रश्न व्हॉट्सॲपवर आले, मी ते एका फाईलमध्ये जोडले. माझ्या लॅपटॉपवर प्रश्नपत्रिका अगदी छान दिसत होती. शाळेतल्या संगणकावर उघडली आणि सगळा घोळ! गुणांचे आकडे भलतीकडे गेलेले. 'जोड्या लावा'मधला 'ब' गट एक ओळ खाली सरकलेला. तशीच छापली असती तर मुलांनी चुकीच्या जोड्या लावल्या असत्या, आणि दोष मात्र त्यांचा नसता.

कारण साधं होतं. आपण जागा सोडायला स्पेसबार दाबत बसतो आणि खाली जायला एंटर. फाँट बदलला, कागदाचा आकार बदलला की हे सगळं हलतं. तेव्हापासून मी एक क्रम ठरवला आहे : आधी साफसफाई, मग सजावट. उलट केलं तर काम दोनदा करावं लागतं.

पायरी १ : प्रत ठेवा
एफ १२ दाबून फाईल दुसऱ्या नावाने सेव्ह करा. काही बिघडलं तरी मूळ फाईल हाताशी राहते.

पायरी २ : लपलेला कचरा पाहा
कंट्रोल + शिफ्ट + ८ दाबा. स्पेसच्या जागी ठिपके, टॅबच्या जागी बाण आणि एंटरच्या जागी ¶ हे चिन्ह दिसेल. ही चिन्हं छापली जात नाहीत. ठिपक्यांच्या रांगा दिसल्या की समजा, फाईल तिथेच बिघडणार.

पायरी ३ : जुना रंगरंगोटा काढा
बाहेरून मजकूर आणताना राइट क्लिक करून 'कीप टेक्स्ट ओन्ली' हा पर्याय निवडा. आधीच पेस्ट केला असेल तर कंट्रोल + ए, मग कंट्रोल + स्पेस (अक्षरांची सजावट जाते), मग कंट्रोल + क्यू (परिच्छेदाची सजावट जाते). ठळक केलेले शब्दही साधे होतात, म्हणून हे सुरुवातीलाच करायचं.

सावधान! मजकूर कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये असेल तर असं करू नका. त्यात मराठी अक्षरांच्या मागे खरं तर इंग्रजी अक्षरं असतात. फाँट गेला की अगम्य अक्षरं उरतात. तसं झालंच तर लगेच कंट्रोल + झेड. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा.

पायरी ४ : शोधा आणि बदला
कंट्रोल + एच दाबा. खरा वेळ इथे वाचतो.

• जादा स्पेस : वरच्या चौकटीत दोन स्पेस, खालच्या चौकटीत एक. 'रिप्लेस ऑल' करा. बदल शून्य होईपर्यंत पुन्हा पुन्हा करा. मात्र कोणी रिकाम्या जागा नुसत्या स्पेसने सोडल्या असतील तर त्या गायब होतील! तिथे आधी अधोरेषा टाकून घ्या.

• पीडीएफमधून आलेल्या तुटक ओळी : एंटरसाठी खूण आहे ^ आणि लगेच इंग्रजी लहान पी. परिच्छेदांमध्ये दोन एंटर असतील तर आधी ही खूण दोनदा लिहून तिच्या जागी ## टाका. मग एका एंटरच्या जागी एक स्पेस. शेवटी ## च्या जागी पुन्हा एंटर. तुटक ओळी जुळतात, परिच्छेद मात्र वेगळे राहतात.

• विसर्ग : अनेक जण 'दुःख', 'स्वतः' लिहिताना विसर्गाऐवजी कोलन टाकतात. असे शब्द एकेक करून बदला. सगळे कोलन एकदम बदलू नका, नाहीतर 'सूचना :' मध्येही विसर्ग येईल.

'रिप्लेस ऑल'चा मोह आवरा. मी एकदा 'गट'च्या जागी 'समूह' केलं, तर 'गटशिक्षणाधिकारी'चे 'समूहशिक्षणाधिकारी' झाले! पत्र पाठवायच्या आधी दिसलं म्हणून वाचलो. छोटा शब्द असेल तर 'फाइंड नेक्स्ट' करत एकेक पाहूनच बदला.

पायरी ५ : आता सजवा
• 'जोड्या लावा'साठी दोन रकान्यांचं टेबल घ्या आणि त्याच्या रेघा काढून टाका. 'अ' आणि 'ब' गट समोरासमोरच राहतील.
• गुण उजवीकडे हवेत? परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये 'टॅब्स' उघडा, ओळीच्या शेवटाजवळचं अंतर लिहा आणि 'राइट' निवडा. प्रश्न लिहून एकदा टॅब दाबला की गुण एका रेषेत येतात.
• प्रश्न दोन पानांत तुटू नये म्हणून 'कीप लाइन्स टुगेदर' निवडा. नवीन पानासाठी एंटरची रांग नको, कंट्रोल + एंटर पुरे.
• शीर्षकांना 'हेडिंग' स्टाइल द्या. पुढे आकार बदलायचा झाला तर स्टाइल एकदाच बदला, सगळी शीर्षकं बदलतात.

शेवटी फाईल पीडीएफ करा आणि तीच छपाईला द्या. दुसऱ्या संगणकावर काही हलणार नाही. तरीही एक प्रत काढून, मुलाच्या नजरेने, पहिल्या प्रश्नापासून शेवटपर्यंत वाचाच.

पालकहो, मुलांच्या प्रकल्पाच्या फाईलसाठीही हाच क्रम चालतो. फक्त माउस मुलांच्या हातात द्या. आपण शेजारी बसून ¶ दाखवायचं, कचरा त्यांनी शोधायचा. एकदा कळलं की पुढच्या वेळी ते स्पेसबारवर बोट ठेवून बसणार नाहीत.